आधी पाणी, मग नाव

१

आण्याच्या पठारावर उन्हाळा पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा येतो. होळीला येऊन ठाण मांडतो तो मृगापर्यंत हलायचं नाव घेत नाही. त्यात ते साल टँकरचं. विहिरीत पोहरा सोडला तर तळावर आपटल्याचा आवाज तेवढा वर यायचा, आणि बायका त्या आवाजालाच शिव्या घालत घरी परतायच्या.

अशा उन्हात यशोधरा फिनलंडला पत्र लिहायची. वस्तीशाळेची सकाळची शाळा सुटली की घाटमाथ्यावरच्या आपल्या घरी यायची, वडिलांना, म्हणजे भागुजीआबांना भाकरी वाढायची, आणि रस्त्यावरची कुत्रीसुद्धा मोरीखाली शिरून पडली की पडवीत मांडीवर पाट घेऊन बसायची. जुन्नरला कॉलेजात असताना तिला पत्रमैत्रीसाठी एक पत्ता मिळाला होता. हेल्मी नावाची, तिच्याच वयाची बाई. नऊ वर्षं झाली होती. एकमेकींचं तोंड दोघींनी फोटोतच पाहिलेलं, पण मोडक्यातोडक्या इंग्रजीतून माया बरीच इकडून तिकडे गेली होती. शेजारची कोंडाआत्या म्हणायची, "तिशी आली पोरीला, आन हिची सोयरीक जुळली ती बर्फात."

हेल्मीचं घर यशोधरेला डोळे मिटून सापडलं असतं. बसमधून उतरलं की पांढऱ्या खोडांच्या झाडांची रांग, मग तळं, तळ्याच्या काठाला लाल रंगाचं लाकडी घर, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी हातपंप. "आलीस तर उपयोगी पडतील," म्हणून हेल्मीने एकदा आपल्या भाषेतली तीन-चार वाक्यंही लिहून पाठवली होती. मी वाट चुकले. मला थंडी वाजते. थोडं पाणी मिळेल का? शेवटचं वाचून यशोधरा हसली होती. जिथे चार पावलांवर तळं, तिथे पाणी कोण कशाला मागेल?

त्या चैत्रात तिने परतफेड केली. हेल्मीला इथला उन्हाळा लिहिला, आणि माणूस आपल्या वाट्याला आलेल्या हालांची जशी बढाई मारतो, तशी मारून लिहिला. डांबर चपलेला चिकटतं. दुपारी इतकं सुन्न असतं की घाटातली जीप दोन वळणं खाली असतानाच ऐकू येते. मग यायची वाट लिहिली. मुंबईहून कल्याण, माळशेज, ओतूर, आळेफाटा. फाट्यावर कोंडाआत्याच्या मुलाची, राकेशची जीप मिळेल. बेल्हे, गुळुंचवाडी, मग घाट. घाट संपला की लिंबाचं झाड, झाडाखाली रांजण, रांजणामागे आमचं घर.

२

रांजण यशोधरेच्या आज्याने मांडलेला. गेणू त्याचं नाव. बाजाराला पायी जाताना वाटेतल्या एका विहिरीवर गेणूला पाणी मिळायचं, पण ओंजळीत, हातभर उंचावरून ओतलेलं, ओतणाऱ्याला शिंतोडा लागू नये म्हणून. आधी नाव विचारायचे, मग गाव, मग पाणी. एका वैशाखात नाव ऐकल्यावर तेवढंही न देता विहीरवाल्याने घराचं दार लावून घेतलं. गेणू घरी पोचला तेव्हा त्याची जीभ टाळूला चिकटली होती. पुढे छप्पन सालानंतर त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव उतरवले आणि रस्त्याच्या कडेला रांजण मांडला. रांजणाचा नियम एकच होता, आधी पाणी, मग नाव. तेही समोरच्याने आपणहून सांगितलं तर. भागुजींनी त्यात स्वतःची भर घातली. या घरात वरून ओतायचं नाही, तांब्या हातात द्यायचा.

"पान्याला न्हाई म्हनायचं आसंल," भागुजी म्हणायचे, "तर आदी आपल्या बापाचं नाव टाकून द्यावं."

यशोधरेला या रांजणाचा अभिमान होता, आणि अभिमानाची गोष्ट दूरच्या माणसाला सांगण्यात वेगळी गोडी असते. तिने हेल्मीला सगळं लिहिलं. आमच्या दारात कुणीही येऊन 'आई, थोडं पाणी मिळेल का?' एवढं म्हटलं की पुरे. शाळेतल्या शुद्ध मराठीत तिने ते वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं, उच्चार फोडून दिले. आबांना नाही म्हणताच येत नाही, असंही लिहिलं. मी शाळेत असले की घरी तेच असतात. आणि खाली लिहिलं, उन्हाळ्यात ये.

'ये' म्हणून सगळेच लिहितात. लिहिणारा काही गोधड्या धुऊन वाट बघत बसत नाही.

पत्र तिने नेहमीप्रमाणे रांजणाच्या झाकणावर दगडाखाली ठेवलं. राकेश जाता-येता टपाल तिथून उचलायचा, बेल्ह्याच्या पोस्टात टाकायचा, आणि आलेलं पत्र तिथेच आणून ठेवायचा. पठारावर पोस्टाची पेटी होती ती हीच. संध्याकाळी पाहिलं तर पत्र गेलेलं होतं.

३

उत्तर फार लवकर आलं. एरवी जायला-यायला मिळून महिना मोडायचा. या वेळी कैऱ्यांना पाड लागायच्या आतच झाकणावरच्या दगडाखाली पाकीट होतं. यशोधरेला आधी आनंदच झाला. पाकीट गरम लागलं, पण उन्हात पडलेलं पाकीट गरम लागणारच.

आत ख्यालीखुशाली नव्हती. मांजरीचं नाव नव्हतं, तळ्याचं नव्हतं. नुसते प्रश्न होते. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत चालायला किती वेळ लागतो? घाटात सावली कुठे आहे? तुझे वडील हाक मारल्यावर दार लगेच उघडतात का?

कागदाच्या घडीत तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. कुसळ होतं. पठारावरचं गवत वाळलं की त्याची कुसळं लुगड्याला, पायजम्याला, शेळीच्या कानाला चिकटतात, तसलंच. तिने ते उपटून टाकलं, तर खालच्या घडीत आणखी निघाली. घडीच्या आत, कागदाच्या अंगात घुसलेली.

यशोधरा मुलांना विज्ञान शिकवायची. ओढणीला कुसळं असतात, ओढणी कागदावर पडली असेल, संपलं. हेल्मीला मुळात पत्र लिहायचा कंटाळा आला असेल, म्हणून तुटक लिहिलं असेल. तिने मनाची समजूत घातली आणि सगळ्या प्रश्नांची चोख उत्तरं लिहून पाठवली. प्रश्न विचारलेला आवडतो शिक्षकाला.

दुसरं पत्र आठवडाभरात आलं. त्यात तीन ओळी होत्या. घाट तू लिहिलास तसाच आहे. तिसऱ्या वळणावर सावली नाही, हे तू लिहिलं नव्हतंस. जीप थांबते, पण मला चालायचं आहे.

तिसऱ्या वळणावर वडाचं झाड होतं खरं. मागच्या हिवाळ्यात रस्त्याच्या कामात ते पडलं. यशोधरेने ते कुणालाच लिहिलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी राकेश पाणी प्यायला थांबला. रांजणाशी उभा राहून त्याने दोन तांबे घशाखाली उतरवले आणि तोंड पुसत म्हणाला, "अक्का, घाटात एक मानूस चालतंय बग चार दिस झालं. भर दुपारचं. म्या जीप थांबवली, म्हनलं बसा पावणं, पैशे नगं देऊ. वळून बी बगत न्हाई."

"बाई आहे का माणूस?"

राकेशने तांब्या झाकणावर ठेवला. "त्येच तर सांगता येईना. तोंडाकडं बगितलं व्हतं मी. आता आठवाया गेलं तर नुसतं ऊन आठवतंय."

"वर येतंय का खाली जातंय?"

"वर," राकेश म्हणाला. "पर लई हळू. दर दिसाला एक वळान."

४

कोंडाआत्याच्या दारात ते आलं तेव्हा यशोधरा शाळेत होती. परतली तर आत्या उंबऱ्यावर बसलेली, मांडीवर रिकामी कळशी.

"पावनं आलं व्हतं कोनतरी," ती म्हणाली. "पानी मागितलं. दिलं."

"कोण होतं, आत्या?"

"मी कशाला इचारू? तुझ्या आबाचीच शिकवन. आदी पानी." मग म्हणाली, "पर यशे, बोलनं लई येगळं गं. सुटं सुटं. साळंत बारकी पोरं धडा वाचत्यात ना, येक शबुद झाला की थांबायचं, तसं. आई. थोडं. पाणी. मिळेल. का."

पठारावर पाणी असं कुणी मागत नाही. पठारावर म्हणतात, पानी दे गं. हे वाक्य यशोधरेचं होतं, तिने फोडून दिलेल्या उच्चारांसकट.

"कशी होती दिसायला? गोरी होती का? केस पिवळे होते का?"

"कायी ध्यानात न्हाई बाई. तांब्या हातात दिला, हात लई तापल्याला लागला, येवढंच." आत्याने ओठांवरून जीभ फिरवली. "आन पीत व्हतं तवा नरडं हालत नव्हतं. अख्खी कळशी गेली, पर नरडं हाललंच न्हाई. आता पानी दे गं मला वाईच."

यशोधरेने दिलं. आत्याने आणखी मागितलं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन घरांतली पिंपं उपसली तरी तिचे ओठ तडकलेलेच होते. राकेशने तिला बेल्ह्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर ऊन लागलंय म्हणाले, सलाईन लावलं. बाटली संपली तरी ती पाणीच मागत होती, आणि राकेशला म्हणत होती, "माझं पोट फुगंना कसं रं? येवढं पानी जातंय कुठं?"

दुसऱ्या कुणाच्या घरात एव्हाना अंगारा आला असता, लिंबू उतरलं असतं. या दोन्ही घरांनी ते सगळं गेणूच्या काळातच सोडलेलं. यशोधरेला त्याचा अभिमान होता आणि तो तिने सोडला नाही. पण समोर संकट आणि हातात करण्यासारखं काहीच नाही, हे किती वाईट असतं ते तिला त्या आठवड्यात कळलं.

कोंडाआत्याला घरी आणलं. एका दुपारी राकेश फाट्यावर असताना ती उठली, दार उघडं टाकलं आणि चालू लागली. तिची चप्पल उंबऱ्याशीच होती. शोधायला माणसं गेली, जीपा गेल्या. ठमाबाई म्हणून घाटाखालची एक म्हातारी होती, तिने सांगितलं की अशी एक बाई दुपारी पाणी मागायला आली होती. पण माझ्याकडं टिपूस नव्हता, म्हणाली म्हातारी, तर माघारी वर गेली.

"वर कुठं?" राकेशने विचारलं.

म्हातारीने हात केला तो यशोधरेच्या घराकडे.

५

शाळेला मेची सुट्टी लागली. यशोधरा आता दिवसभर घरीच असायची, दाराला आतून कडी लावून. बाहेरचा रांजण तिने पालथा घातला. त्यावरून बापलेकीत पहिल्यांदाच वाजलं.

"आबा, पावसाळ्यापर्यंत. एवढंच ऐका माझं."

"उन्हाळ्यात रांजन पालथा घालायचा आन पावसाळ्यात भरायचा," भागुजी म्हणाले. "येडी का खुळी तू?"

तिने त्यांना पत्रांचं सांगितलं, वाक्याचं सांगितलं. भागुजींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना पोरगी घाबरलेली दिसत होती आणि त्यांच्या जिवाला ते लागत होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तू इद्या घेतल्याली हायेस. आसलं कायी नसतंय हे तूच सांगतीस पोरांना."

"सांगते. पण तुम्ही पाणी देऊ नका."

भागुजी उठून माठाशी जाऊन बसले. टँकरचं पाणी माठात होतं, पितळेचा तांब्या माठावर उपडा. बाहेर ऊन इतकं होतं की दाराच्या फटीतून आत आलेली रेघ जमिनीवर तापलेली लागायची. दुपार वर चढली. घाटातून जीपचा आवाज आला, वर आला, पुढे निघून गेला. मग काहीच नाही.

"आई."

आवाज कोंडाआत्याचा होता.

"थोडं. पाणी. मिळेल. का."

भागुजी ताडकन उठले. "आगं कोंडी हाय ती."

"नाही आबा."

"कोंडी हाय! आवाज वळखू येईना व्हय मला? दारात हुबी ऱ्हायलीय उन्हात." त्यांनी तांब्या बुडवला. यशोधरा दाराला पाठ लावून उभी राहिली. आयुष्यात तिने बापाला कधी अडवलं नव्हतं.

"हाक मारून बघा," ती म्हणाली. "नाव घ्या तिचं. ओ देते का बघा."

"आदी पानी," भागुजी म्हणाले.

"तुम्हाला काही झालं तर मी काय करू? मला आहे कोण दुसरं?"

भागुजींचे डोळे भरून आले. भरला तांब्या हातातच होता. "माझा बाप आसा हुबा ऱ्हायला व्हता," ते हळूच म्हणाले. "आतल्या मान्सानं दार लावून घेतलं व्हतं. त्येला बी कायतरी भ्या वाटलंच आसंल." मग त्यांनी तिला बाजूला केलं. जोर लावावा लागला नाही. तिच्याच अंगात अडवायचं बळ उरलं नव्हतं.

कडी निघाली, ऊन आत आलं, आणि तिला एवढंच दिसलं. कोपरापर्यंत कुसळांनी भरलेला एक हात, कोंडाआत्याच्या हिरव्या बांगड्यांचा. त्याने तांब्या घेतला. भागुजींनी दुसऱ्यांदा बुडवून दिला, तिसऱ्यांदा दिला. दारातल्या मातीवर एक थेंब सांडला नाही. मग हात मागे गेला. भागुजी उंबऱ्याबाहेर डोकावून म्हणाले, "कोंडे, बस की गं वाईच सावलीला." पण ते रस्त्याकडे बघून बोलत होते, आणि रस्त्यावर कुणी नव्हतं.

६

संध्याकाळी भागुजींनी पाणी मागितलं ते लाजत मागितलं. पुढचे दिवस यशोधरेने कसे काढले ते तिलाच ठाऊक. टँकरच्या रांगेत भांडून हंडा आणायचा, तो त्यांच्यापुढे ठेवायचा, आणि रिकामा उचलायचा. भागुजी प्यायचे आणि दरवेळी म्हणायचे, "ह्ये वाटसराचं हाय गं, आपलं न्हवं." त्यांना आपल्या तहानेची शरम वाटत होती. ओठांच्या भेगांतून रक्तसुद्धा येत नव्हतं. यशोधरा त्यांचे पाय ओल्या फडक्याने पुसायची, आणि फडकं लगेच वाळायचं.

वैशाख पौर्णिमा झाली. वस्तीवर खीर केली होती. तिने वाटी आणून पुढे ठेवली. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि ही कोण हे आठवावं तसं बराच वेळ पाहत राहिले.

त्यानंतरच्या एका दुपारी ते पटका न बांधताच उठले. "येतो गं," म्हणाले. शेतावर जाताना जन्मभर म्हणत आले तसंच. ती हंडा टाकून मागे धावली. लिंबाच्या झाडापर्यंत ते पुढे होते. झाडापलीकडे रस्ता सरळ होता, दोन्हीकडे उघडं माळरान, लपायला बाभळसुद्धा नाही. ती रस्त्यावर उभी राहून हाका मारत राहिली. खालून जीपचा आवाज येत होता.

जीप राकेशचीच होती. त्याने तिला उचलून घरी आणलं. दोघांचंही माणूस त्याच रस्त्याने गेलेलं. निघताना त्याने खिशातून एक कार्ड काढलं. "पोस्टातून आनलं व्हतं. लई दिवसांनी आलं गं तुझं फॉरेनचं."

"लई दिवसांनी कसं?" यशोधरा म्हणाली. "दोन पत्रं आणून ठेवलीस की या उन्हाळ्यात."

"म्या? न्हाई गं. होळीच्या आदीपासनं तुझं एक बी आलं न्हाई. आन तू तरी कुठं ठिवलंस? रोज बगायचो म्या झाकनावर. वाटलं, सोडलं आसंल अक्कानं."

ती आतल्या खोलीतल्या पत्रांच्या पेटीकडे गेली. हेल्मीची सगळी पत्रं वर्षांनुसार सुतळीने बांधलेली होती. सगळ्यांत वर तिने ती दोन ठेवली होती. तिथे कुसळं तेवढी होती, मूठभर, घडी घालून ठेवल्यासारखी दबलेली.

कार्डावर बर्फातलं लाल घर होतं. मागे हेल्मीचं नेहमीचं तिरपं अक्षर. तू गप्प का? रागावलीस का? उन्हाळ्याबद्दल लिहिणार होतीस, त्याची वाट बघते आहे. मांजरीला पिल्लं झाली. या वर्षी तरी ये.

७

आबा येणार हे यशोधरेला माहीत होतं. कोंडाआत्या परत आली तशीच. त्यांचं जायचं राहिलेलं दार हेच होतं. राकेश तिला फाट्यावर चल म्हणाला. ती गेली नाही. घर बंद करून गेलं तर ते बंद दारापुढे उभे राहतील, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता.

दिवसभर बसून तिने हिशेब मांडला. आत्याने तांब्या हातात दिला, हाताला हात लागला. आबांनीही हातात दिला. शिवलं म्हणून झालं असेल. न शिवता दिलं तर? पाणीही जाईल आणि माणूसही वाचेल. यात चूक कुठे आहे ते तिला सापडेना, आणि तरी असा विचार केल्याची तिला किळस येत होती.

"आई."

तिने डोळे मिटले. तिला त्यांनी कधी लाडाने आई म्हटलं नव्हतं. यशे म्हणायचे.

"थोडं. पाणी. मिळेल. का."

तिने दार उघडलं. भागुजी उंबऱ्यासमोर, लिंबाच्या सावलीच्या बाहेर उभे होते. कमरेपर्यंत कुसळं. धोतराचा रंग मातीचा. ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यापलीकडे, घरात, माठ असतो तिथे बघत होते.

"आबा," ती म्हणाली. "मी यशोधरा."

"आई. थोडं. पाणी."

तिने तांब्या भरला. उंबऱ्यावर उभी राहिली, हात खांद्याएवढा उंच केला. शिंतोडा लागू नये एवढा.

भागुजींना कुणी काही सांगितलं नाही. ते कमरेत वाकले, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि ती तोंडाशी नेली, मान खाली घालून, कोपरं अंगाशी धरून. असं पाणी ते जन्मात कधी प्यायले नव्हते. गेणू प्यायला होता. यशोधरेच्या तोंडून हुंदका फुटला, पण तिने तांब्या वाकडा केला.

पाणी पडत राहिलं. तिने पुन्हा बुडवून आणलं, पुन्हा ओतलं. माठ तळाला गेला. ओंजळीतून एक थेंब खाली आला नाही आणि त्यांचा घसा हलला नाही. मग ते सरळ झाले आणि वळले. तिने नाव विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. लिंबाच्या झाडापर्यंत ती बघत होती.

तिने दार लावून घेतलं. अंगावर शिंतोडा उडाला नव्हता, तिने हात, ओढणी, पाय नीट पाहिले. मग माठ कलता करून तळाचं पाणी तांब्यात घेतलं आणि ती प्यायली. आतल्या खोलीत शेजारून आणलेली घागर होती. ती घागर संपली. जीभ टाळूपासून सुटेना.

भिंतीला हेल्मीचं कार्ड टोचलेलं होतं. बसमधून उतरलं की पांढऱ्या खोडांची रांग. मग तळं. मग लाल घर, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी हातपंप. हेल्मीने नऊ वर्षांत सगळं लिहिलं होतं, पण तिच्याकडे आधी नाव विचारतात की आधी पाणी देतात, ते कधी लिहिलं नव्हतं.

बाहेर ऊन तसंच होतं. यशोधरा उंबऱ्याशी बसली आणि हेल्मीने आपल्या भाषेत शिकवलेलं ते पाणी मागायचं वाक्य म्हणून पाहू लागली, एक शब्द झाला की थांबून, मग पुढचा.